मुदतीच्या आतली तक्रार

अशा सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, लिंबू उतरवणं याला आमच्या घरात जागा नाही. असले किस्से सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली आहे. तेव्हा जे घडलं ते घडलं तसंच लिहिते. हसायचं असेल तर हसा.

एटापल्लीला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती. कॉम्प्युटर एकच. काम माझं, पण कॉम्प्युटरचं बिल नवऱ्याच्या, सुधाकरच्या नावावर. आठ महिन्यांपूर्वी तो वारला.

एका शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यावर फॉर्म भरले होते. इथल्या मेकॅनिकने उघडून पाहिलं. "बाई, मदरबोर्ड गेला." बिल काढलं, तर वॉरंटी बुधवारीच संपलेली... दोन दिवस! दाखल्यांचा हंगाम. दुकान बंद राहिलं की गिऱ्हाईक समोरच्या नव्या केंद्रात जाणार आणि तिकडंच राहणार. नवीन बोर्ड घेण्याची ऐपत नव्हती. म्हटलं, विनवणी करून बघू.

शनिवारी पहाटेच्या एसटीने चंद्रपूरला निघाले. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, याले खिडकीपाशी बसवा न, घाटात उलटी करन."

"मले झाली तर याच्यावरच होईल," मी म्हटलं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या भाऊंनी बिलावरची तारीख बघून मान हलवली. "वॉरंटी संपली, बाई." दोनच दिवस झालेत म्हणून मी हुज्जत घातली. सवयीने त्यांनी बोर्डवरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला. आणि थांबले.

"काऊन भांडून राह्यल्या मग? तुमची कंप्लेंट तर सोमवारचीच आहे. मुदतीच्या आत. बसा न, बोर्ड बदलून भेटते."

सोमवारी तर कॉम्प्युटर ठणठणीत होता. तरी मी बसले. काम होत होतं.

"सुधाकरभाऊंनी फोन केला होता. त्यांचीच सही लागन. आले नाई का ते?"

आणि इथे माझी सवय नडली. फॉर्म भरणारी बाई मी. कोणी कागद मागायच्या आत सगळे जोडून ठेवते. बिलामागे आधार, आधारामागे मृत्यूचा दाखला — तीन प्रती, साक्षांकित. ती फाइल त्यांच्या हातातच होती. त्यांनी पान उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे... आठ महिन्यांपूर्वीचं आहे?"

"हो."

"मग सोमवारी फोन कोनं केला?"

मला काय माहीत! त्यांनी नंबर दाखवला. नवऱ्याचाच. ते सिमकार्ड मी स्वतः कात्रीने कापून चुलीत टाकलं होतं. बोर्डचा नंबर बंद डब्याच्या आत आणि माळ्यावरच्या खोक्यावर. दुसरीकडं कुठेच नाही.

भाऊ आत साहेबांकडे जाऊन आले. "खोटी कंप्लेंट धरली त्यांनी. रद्द." मग हळूच म्हणाले, "बाई, हा कागद लावलाच काऊन तुम्ही? गावाला गेले म्हनलं असतं तं मीच सांभाळून घेतलं असतं..."

मी विचारलं, "तक्रारीत लिहिलं काय आहे?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'कॉम्प्युटर चालू होत नाही.' त्याखाली शेरा — 'मिसेस येऊन भेटतील.'

चोवीस वर्षं संसार केला. गॅसचा नंबर असो, तलाठ्याकडचं काम असो, मुलीचं ॲडमिशन असो — "मी सांगून ठेवलंय, तू फक्त जाऊन ये." मी जायची, तर तिथे कोणालाच काही सांगितलेलं नसायचं. या वेळी सांगितलेलं होतं. वेळेत, नंबरासकट. तरी रिकाम्या हातानं मीच परतले.

तो जुना बोर्ड नंतर दुसरीकडून कसाबसा दुरुस्त करून आणला. दुपारी तापला की बंद पडतो. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक समोर जातं.

फोन कोणी केला, कळलेलं नाही. कोणी खोडी काढली म्हणावं, तर शुक्रवारी बंद पडणारं सोमवारी कोणाला ठाऊक? रेकॉर्डिंग मागितलं, ते मिळालं नाही. आता मागणारही नाही. त्यावर त्याचाच आवाज निघाला, तर मला काही रडू येणार नाही. मी विचारीन, एवढं केलंस, तर माझ्या फाइलीत कोणता कागद आहे ते तुला ठाऊक नव्हतं का?