मेव्हिसच्या न्हाणीघरातला हीटर

आमच्या गल्लीत मेव्हिस टॅटरसॉलला वादात हरवणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, आणि त्याआधी इथल्या, इंग्लंडातल्या बर्नलीच्या कापडगिरणीत तिच्या शेजारच्या मागांवर उभी होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. तिचा केक करपला तर भट्टी बिघडलेली असते. बस चुकली तर बस लवकर आलेली असते.

हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला, विल्फला, झटका आला. डावा पाय लुळा पडला आणि आवाज गेला. ओठ नीट हलायचे, पण शब्द काही बाहेर यायचा नाही. त्याला घरी सोडायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलातून मिस कॅडवल घर बघायला आली. जिना पास, कठडा पास, पलंग पास. न्हाणीघरात पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली. आमच्याकडची न्हाणीघरं म्हणजे मागची झोपायची खोली कापून केलेली, उंच छताची. मेव्हिसच्या न्हाणीघरात जानेवारीत लोणी ठेवलं तर सुरी मोडेल.

"इथं आंघोळ घालणार त्यांना?" मिस कॅडवल म्हणाली. "गारठ्यात अंग उघडं पडलं की रक्तदाब चढतो. दुसरा झटका यायला वेळ लागत नाही. ही खोली गरम झाली तरच त्यांना घरी सोडू. नाहीतर वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल."

"पुढच्या वेळी याल तेव्हा कोट काढून ठेवावा लागेल तुम्हाला," मेव्हिस म्हणाली.

आता, न्हाणीघरात प्लगची सोय आमच्या देशात नसतेच. त्यावर सगळ्या गल्लीचा एकच तोडगा. जिन्यावरच्या प्लगमधून लांब वायर ओढायची, दाराखालून आत घ्यायची आणि गरम हवेचा पंखा संडासाच्या झाकणावर ठेवायचा. माझ्याकडेही तसंच होतं, खोटं कशाला बोलू? मेव्हिसनेही तेच केलं, वर वायरीला चिकटपट्टी लावून ऐटीत मिस कॅडवलला बोलावलं.

मिस कॅडवलने कोट काढला. मग वायर पाहिली आणि पुन्हा घातला.

"हा पंखा टबात पडला, तर मिस्टर टॅटरसॉलना घरी आणण्याचा प्रश्नच मिटेल," ती म्हणाली. "मी आता एकदाच येईन."

मेव्हिस त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि तिने चहा गार होऊ दिला. तिने चहा गार होऊ दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तो वृद्धाश्रमात नाही गं राहायचा, आयरीन. त्याचं बोलणं कुणाला कळतं तिथं? आताच हॉस्पिटलात पाणी मागितलं तर उशी देतात."

आम्हाला कळायचं. गिरणीत मागांचा असा खडखडाट, की कान असून नसल्यासारखे. आम्ही सगळ्या एकमेकींचे ओठ वाचायचो. विल्फ आमच्या खात्यातला जॉबर, माग दुरुस्त करायचा. त्याने मेव्हिसला लग्नाचं विचारलं ते चालू मागांच्या पलीकडून, ओठांनीच. अख्ख्या खात्याने ते वाचलं, आणि तिने होकार देण्याआधीच आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिने वायरमन क्लाइवला बोलावलं.

"हीटर इथं बसव. नळांच्या वर," मेव्हिसने बोट दाखवलं. "थेट त्याच्या अंगावर ऊब येईल."

"मावशी, काकांच्या अंगावर फुलं घालायची घाई झाली आहे का? टबापासून दोन फुटांच्या आत काही नाही. टबात उभं राहून हात पोचेल असं तर नाहीच. दाराच्या वर, उंच, भिंतीत पक्का. प्लग नाही, बटण नाही, फक्त ही दोरी ओढायची. आणि शिंतोड्यांना दाद न देणारा असाच घ्यायचा."

"दाराच्या वर? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. आणि दारामागचा तो हुकही काढा. काकांचा गाऊन बरोबर हीटरखाली लटकेल."

त्या हुकाला विल्फचा गाऊन लग्नापासून लटकत होता. मेव्हिसने थोडा वेळ हुकाकडे पाहिलं. मग क्लाइवच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि स्वतःच तो काढला. संध्याकाळपर्यंत दाराच्या वरची जागा तिलाच सुचली होती, असं ती मला ऐकवत होती.

"लाल कांडीवाला घ्या," क्लाइव म्हणाला. "आवाज करत नाही. पंख्याचा घरघरतो. काकांनी बोलावलं तर कळणार कसं?"

"कांडी पुढून भाजते आणि पाठ कुडकुडत ठेवते. मला सगळी खोली तापायला हवी. पंख्याचाच बसव. आणि बोलावायला त्याच्याकडे आवाज आहे कुठं?"

मिस कॅडवल आली त्या दिवशी विल्फलाही चाचणीपुरतं घरी आणलं होतं. ब्लॅकपूलच्या सहलीतली पोहायची चड्डी घालून तो टबात बसला होता, दाराकडे तोंड करून. मी टॉवेल धरून जिन्यापाशी उभी. दोरी ओढली, हीटर घरघरू लागला आणि खोली बघता बघता उबदार झाली. मिस कॅडवलने हीटर पाहिला, अंतर मोजलं, कोट काढून माझ्या हातात दिला.

"पण हा आवाज!" ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर गेलात आणि त्यांना काही हवं झालं तर?"

"पाठवा मला बाहेर."

मेव्हिस दार उघडं ठेवून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मिस कॅडवल विल्फच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. विल्फ गालात हसला आणि त्याचे ओठ हलले.

"तुम्ही त्याला साबण मागायला सांगितलंत," मेव्हिस बाहेरून ओरडली. "आणि तो म्हणतोय की तुमच्या सेंटने त्याचं डोकं उठलंय."

मिस कॅडवल लाल झाली, आणि मग खळखळून हसली. ती हसतच होती तेव्हा विल्फचे ओठ पुन्हा हलले. या वेळी तो हसत नव्हता.

"आता काय म्हणाले?"

"पाणी मस्त आहे म्हणतोय," मेव्हिस बेधडक म्हणाली.

पण मीही जन्मभर त्याच खात्यात काम केलेलं. विल्फ म्हणाला होता, "मला परत पाठवू नकोस." मी मान वळवून मेव्हिसकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाज न करता, चालू मागांच्या पलीकडे बोलावं तसे.

"मी मेले तरी नाही."

"बरं," मिस कॅडवल माझ्या हातातला कोट घेत म्हणाली, "राहू देत त्यांना घरीच."