समासातलं वर्तुळ

कुमुदताई पाटणकर दर रविवारी मेट्रोनं नोएडाहून गुरुग्रामला जातात, नातीला फिजिक्स शिकवायला. दिल्लीतल्या शाळेत त्यांचं आयुष्य ह्याच विषयात गेलं. त्याआधी थोडं संशोधन. मोजेपर्यंत इलेक्ट्रॉन एका ठरावीक जागी नसतो, मोजला की एकाच जागी सापडतो. मग मोजण्याच्या क्षणी नेमकं काय घडतं? संशोधनाचे गाईड तेव्हा म्हणाले होते, "गणित बरोबर येतंय ना? मग हे नंतर."

नंतर लग्न झालं, नोकरी लागली. प्रश्न अजून जगात कुणालाच नीट सुटलेला नाही. तो आपल्यासाठी थांबलाय, असं त्यांना कधीकधी वाटतं. दर वर्षी नव्या वर्गासमोर उभ्या राहून त्या वाट पाहायच्या, कुणीतरी तिथं अडेल म्हणून. मुलं उत्तर लिहून घ्यायची आणि पान उलटायची.

या रविवारी इशिता अडली.

"आजी, मोजायच्या आधी तो असतो कुठे?"

कुमुदताईंनी चष्मा काढला. "तुला काय वाटतं?"

"यार आजी, कुठेतरी असणारच ना. माझा फोन हरवला तरी कुठेतरी असतोच."

"फोनसारखं नाहीये ते. तिथंच तर..."

"आई, आधी सिलॅबस," आतून सूनबाई स्वरूपा म्हणाली. "मागच्या रविवारी दुपारभर ताऱ्यांच्याच गप्पा चालल्या होत्या."

"ताऱ्यांचा विषय हिनं काढला."

"आणि तुम्ही अगदी नाइलाजानं बोललात."

इशिता हसली. अडलेल्या प्रश्नाला पेन्सिलीनं गोल करायचा, पुढं जायचं, वेळ उरला तर परत यायचं, असं कोचिंगमध्ये शिकवतात. तिनं वहीच्या समासात प्रश्न लिहिला, त्याला गोल केला.

"बाद में, आजी. पक्का."

"नंतर कधी?"

"एक्झाम झाली की."

कुमुदताई पुढच्या गणिताकडे वळल्या. मधूनच त्यांची नजर समासाकडे जात होती.

खिडकीबाहेरचे टॉवर धुळकट होत गेले. सराव संपला तसं इशितानं सवयीनं खोडरबर घेतलं. शेवटी सगळे गोल पुसायचे, हेही कोचिंगचंच शिक्षण. गोल गेला, प्रश्नही गेला. कागदावर रबराचा भुगा उरला.

कुमुदताईंनी भुगा फुंकला, पर्समधून पेन काढलं आणि पुसट अक्षरांवरून हळूहळू गिरवू लागल्या.

"आजी, पेननं नाही गं. खोडता नाही येणार."

कुमुदताईंनी वर पाहिलं नाही. त्या वर्तुळ पुरं करत होत्या.