राखून ठेवलेला तास

ताईंना सगळे ताईच म्हणत. वयाने मोठा असलेला समुपदेशन केंद्राचा शिपाईसुद्धा. मारहाण, अत्याचार सोसून आलेल्या माणसांचं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता त्या नव्या समुपदेशक मुलींना सांभाळत. दर आठवड्याला एकेकीला घेऊन बसायचं, दार लावायचं आणि दुसऱ्यांचं ऐकून ऐकून हिच्या पोटात काय साठलंय ते बाहेर काढायचं. नवरा चेष्टेने म्हणे, "डॉक्टरांची डॉक्टर तू. माझी डोकेदुखी ऐकायला मात्र घरात कुणी नाही."

त्या बुधवारी समोर लवंगी बसली होती. अंगाने एवढीशी, जिभेने तिखट, म्हणून हे नाव. आज ती जीभ टाळ्याला चिकटली होती.

"ती आजही यायची नाही, ताई," ती शेवटी म्हणाली. "तिचं काही बरंवाईट झालं असेल, तर ते माझ्यामुळे."

ती म्हणजे शिवणवाली. घरी बसून कपडे शिवायची, नवऱ्याचा मार खायची आणि दोरे आणायचं निमित्त करून बुधवारी दुपारी इथे यायची. मागचे दोन्ही बुधवार तिची खुर्ची रिकामी राहिली होती.

"शेवटच्या भेटीत काय झालं? नीट सांग."

इतके दिवस मोघम बोलणारी शिवणवाली त्या दिवशी एकदम सुटली होती. नवऱ्याने कोंडून ठेवलं होतं ते सगळं, पहिल्यापासून. बोलता बोलता तिची नजर खोलीतून निघूनच गेली, बोटं गार पडली. लवंगी नुसती ऐकत राहिली. वेळ संपली, बाहेर पुढचं माणूस खोळंबलं होतं. "बरं, पुढच्या बुधवारी भेटू," असं म्हणून हिने तिला दारापर्यंत पोचवलं.

"पाणी दिलंस? भानावर यावी म्हणून पाय जमिनीला टेकवायला लावलेस? इथून कुठे जाणार, विचारलंस?"

"नाही."

उघडी पडलेली जखम झाकूनच माणसाला घरी धाडायचं, भेटीचा शेवट त्यासाठी राखायचा, हे या कामातलं अगदी पहिलं भान. ती बाई सोललेल्या मनाने त्याच घरात, त्याच माणसासमोर परत गेली होती.

"अगं, थांबवलं का नाहीस तिला?"

"तुम्हीच तर झापलं होतंत!" लवंगी उसळली. "मागे एकीला मी मध्येच तोडलं तेव्हा. 'बोलणाऱ्याला अडवू नकोस, जीभ आवर जरा.' आवरली मी."

हिच्या लुडबुडीला आळा बसावा म्हणून ताई तसं बोलल्या होत्या खऱ्या. पण कधी थांबवायचं, ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

"माझं चुकलं. अर्धंच शिकवलं मी तुला."

"त्याने ती परत येणार आहे का?" लवंगीचा आवाज फाटला. "नंबर आहे आपल्याकडे. एकदाच लावते."

"तिचा फोन नवरा उचलतो. तिनेच बजावलंय."

"मग हातावर हात धरून बसायचं?"

"हा तास तिचा आहे. तो संपेपर्यंत बसायचं."

दोघी बसल्या. जिन्यात पाऊल वाजलं की लवंगी मान वर करी. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जाई. तेवढ्यात टेबलावरचा केंद्राचा फोन वाजला.

"तिचाच नंबर!" लवंगीने झडप घातली, पण ताईंनी आधी उचलला. केंद्राचं नाव फोनवर घ्यायचं नाही, ही इथली रीत. त्या नुसतं "हॅलो" म्हणाल्या.

पुरुषाचा आवाज आला. "हा नंबर माझ्या बायकोच्या फोनमध्ये कसा? कोण तुम्ही?"

ताईंनी असा काही सूर लावला की लवंगी बघतच राहिली. "कोण म्हणजे? भाचीचा फ्रॉक शिवायला टाकलाय मी! वाढदिवस होऊन गेला पोरीचा. शिवताय, की कापड खाल्लंत?"

"काय गं," तो तिकडे ओरडला, "कुणाचा फ्रॉक राहिलाय?"

मग लांबून तिचा आवाज आला, सपाट, "हो. आहे एक. राहिलाय."

फोन बंद झाला.

"जिवंत आहे," ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"पटलं त्याला?"

"कळलं नाही."

"येईल ती?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण या मुलीशी पुन्हा अर्धंमुर्धं बोलायचं नव्हतं. "आता नाही वाटत मला."

लवंगीने तोंड झाकून घेतलं. "मला नाही झेपत हे. सोडते मी."

"सोड. उद्या खुशाल सोड. बाहेर एक मुलगी केव्हाची बसलीय. तिला काय सांगू?"

लवंगीने ओढणीने तोंड पुसलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि ती शेजारच्या खोलीत गेली.

ज्यांच्यापुढे ताई स्वतः असं मन मोकळं करत, ते त्यांचे सर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शिवणवालीचा नवरा पुन्हा फोन करील, दुसरं कुणी उचलील आणि भाबडेपणाने खरं बोलून जाईल, ही भीती काही जाईना. त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि शिपायाला सांगितलं, "आज हा मीच उचलणार." संध्याकाळी केंद्र बंद करायला तो आला, तेव्हाही त्या तिथेच बसून होत्या.