विहिरीवरच्या आसरा

ती घटना आजही मनातून जात नाही. मी तेव्हा अमरावतीजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत विमानतळाची नवी इमारत होणार, हे वर्षानुवर्षे ऐकत होतो. मोजणी व्हायची, नकाशा बदलायचा, पुन्हा मोजणी. गावकऱ्यांनी त्याची चेष्टा करणंही सोडून दिलं होतं.

एकच शेतकरी त्या इमारतीसाठी उतावीळ होता. जमिनीची संमती सर्वांत आधी त्याची. सारखा कचेरीत जाऊन विचारायचा, "साहेब, काम कवा सुरू करून राहिले?" गावात त्याचं नाव 'विमानवाला' पडलं होतं.

त्याची म्हातारी आई मात्र दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात येई. धाकटा मुलगा सुरतेला कामाला म्हणून गेला तो परतला नाही, असं थोरल्याने, म्हणजे विमानवाल्यानेच तिला सांगितलं होतं. हरवल्याची नोंद आमच्याकडे होती, सुरतेत चौकशीही करून झाली होती. ती बाकावर बसायची, "लागला काय पता?" एवढं विचारायची आणि उठायची.

अखेर काम सुरू झालं. विहिरी बुजवण्यापूर्वी गावकऱ्यांनी आपापल्या विहिरीवरच्या आसरा, म्हणजे शेंदूर लावलेले जलदेवतांचे सात दगड, नारळ फोडून दुसरीकडे नेल्या. त्यानंतर विमानवाल्याच्या शेजारचा शेतकरी ठाण्यात आला. त्याला चहा दिला. मग म्हणाला, "साहेब, त्यानं आसरा नाई नेल्या. विहिरीकडं पाय नाई टाकून राहिला. आमच्यात असं कोनी करत नाई."

एवढ्यावर कोणाला अटक होत नसते. मी थोरल्याला बोलावून घेतलं.

"आसरा काहून नाई नेल्या?"

"राहून गेलं."

"चाल, आता नेऊ. मी येतो संगं."

शेतापाशी पोचल्यावर तो जीपमधून उतरेना. मी आवाज चढवला नाही, समोर बसून राहिलो. ओरडणाऱ्या पोलिसापेक्षा गप्प बसलेल्या पोलिसाला माणूस जास्त घाबरतो. शेवटी तोच बोलला, "जमीन द्याची नाई म्हने धाकला. विहिरीवरच भांडन झालं. म्या ढकललं. मंग वरून गोटे टाकले."

पंचांसमोर विहीर उपसली. तळाशी हाडं आणि चांदीचं कडं सापडलं. कडं आईनं ओळखलं. ती रडली नाही, तेच मला सोसवलं नाही.

छडा लागला की घरच्यांची सुटका होते, असं आम्ही पोलीस सहज बोलून जातो. ते खरं नसतं, हे मी त्या बाईकडून शिकलो. आमच्या कागदावर एक मयत होता आणि एक आरोपी. तिच्या लेखी दोघंही तिची लेकरंच होती.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली, त्याच बाकावर बसली.

"आता काय, माय?" मी विचारलं.

"एकाचा पता लागला साहेब. दुसऱ्याले कवा सोडता?"

माझी बदली होईपर्यंत ती दर बाजाराला तेच विचारायला येत राहिली.