बुडालेली चिंच

आज आमच्या थंड हवेच्या गावाखालच्या धरणात एक स्पीडबोट गर्रकन वळली, पर्यटक किंचाळत हसले, आणि इतकी वर्षं सांगायचं टाळलेलं ओठांवर आलं. मीही बोट अशीच वळवायचो. एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं होतं. जोडीदार शंकर ओरडला, “अण्णा, तिकडं आपल्या बुडालेल्या गावातली चिंच आहे!”

“माझ्या दारातली चिंच तू मला दाखवतोस होय?” म्हणत मी वळलो. खोडावर आदळून बोट फाटली, शंकरचा पाय गुडघ्याखाली चिरडला. शांत पाण्याखाली गाव दात विचकून बसलेलं असतं, हे परक्याला कळणार नाही. मला कळत होतं. तरी पंचनाम्यात मी सांगितलं, बोट शंकर चालवत होता. त्यानं ते कधीच नाकारलं नाही.

“शंकर, स्टेअरिंग माझ्या हातात होतं, मला माफ कर,” एवढं म्हणायला दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जायचो आणि चहा पिऊन परतायचो. परवा तो गेला.