जामीनदाराची बायको

आई गेल्याचा निरोप जळगावला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी निकालपत्रकं लिहीत बसले होते. उन्हाळी सुट्टी लागायला दोन दिवस होते. शिपाई येऊन म्हणाला, बाई, धुळ्याहून फोन आहे. पलीकडे आईच्या शेजारच्या वाणीकाकू होत्या. "अक्का दुपारच्या जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत गं," एवढंच त्या बोलल्या आणि रडायला लागल्या. मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मिळेल ती बस धरली. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, बाहेर सगळं रान उन्हात पांढरं पडलेलं. मला रडू येत नव्हतं. आई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिला काही मोठा आजार असल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले की, दोन-तीन वर्षांपासून त्रास होत असणार, कधी दाखवलं कसं नाही? या प्रश्नाचं उत्तर मला बसमध्येच माहीत होतं...

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी मांडवात बसली आणि फैजपूरहून आलेले माझे काका, आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ, चार शब्द बोलायला उभे राहिले. आम्ही त्यांना नानाकाका म्हणतो. पांढरेशुभ्र कपडे, भरलेला आवाज. "वहिनींनी एकेक पैसा जपला," ते म्हणाले. "हात जरा आखडता होता, स्वभावच तसा. पण दादांचा संसार सांभाळला." माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी कौतुकानं हसलंसुद्धा. माझे वडील खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते आता काहीतरी बोलतील, निदान मान तरी हलवतील, असं मला वाटलं. त्यांनी उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. बस्स.

म्हणून हे लिहिते आहे. आईला दिलेला शब्द मोडून लिहिते आहे. ती होती तोवर मी तो पाळला.

आमचं घर धुळ्यात देवपूरला होतं, दोन खोल्या आणि मागे मोरी. आबा एका सरकारी कचेरीत कारकून. मला आठवतं ते बालपण सुरुवातीला बरं होतं. रविवारी शेवभाजी असायची, हिवाळ्यात भरिताची पार्टी व्हायची, आई मला शेजारच्या मैत्रिणींसोबत पिक्चरला जाऊ द्यायची. मी दहा वर्षांची असताना, म्हणजे त्र्याऐंशी सालच्या आसपास, हे सगळं एकदम थांबलं. का थांबलं ते कुणी सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की, आई बदलली. गॅसची शेगडी कापड बांधून फळीवर गेली आणि स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायला लागला. लाकडाच्या वखारीतून आई स्वतः पोतं आणायची आणि शेगडीत भुसा दाबून दाबून भरायची. एकदा पेटली की सकाळचं सगळं तिच्यावर व्हायचं, अंघोळीच्या पाण्यासकट. बाजाराला ती दिवस मावळताना जायची, कारण तेव्हा वांगी-मिरच्यांचे उरलेले वाटे स्वस्तात निघत. तेल पावशेरानं यायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि डाळीचं वरवरचं पाणी, हे आमचं जेवण झालं. साबणाचे उरलेले तुकडे ती एका डब्यात साठवायची आणि त्यांचा गोळा करून कपड्यांना लावायची. माझा शाळेचा गणवेश तीन वर्षं चालला. दरवर्षी ती खालची दुमड उसवायची, आणि जुन्या दुमडीची निळी गडद रेघ माझ्या गुडघ्यांभोवती राहायची. त्या रेघेवरून मुली किती वर्षांचा गणवेश आहे ते ओळखायच्या.

शिवाय ती लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. दुपारभर दारात उजेडाला बसून बारीक टाके घालायची. वाणीकाकूंनी विचारलं तर म्हणायची, "वेळ जात नाही हो माझा." वेळ जात नाही! पहाटे पाचला उठणारी बाई ती.

नानाकाका त्या वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. केळीचा घड, वेफरचा पुडा, माझ्यासाठी रिबिनी. ते आले की घरात साखरेचा चहा व्हायचा, एरवी आम्हाला गुळाचा असायचा. जाताना ते माझ्या हातात नोट ठेवायचे. मला ते फार आवडायचे. एवढा मोकळा माणूस आमच्या घरात दुसरा नव्हता. आबा घुमे आणि आई सदा 'नको', 'राहू दे', 'पुढच्या वर्षी' म्हणणारी.

दहावीत होते तेव्हा शाळेची सहल अजिंठ्याला जाणार होती. आईनं वर्गणी द्यायला नकार दिला. मी दोन दिवस जेवले नाही. नेमके त्याच आठवड्यात काका आले आणि मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या मुठीत दाबले. आई स्वयंपाकघरातून आली, तिनं माझी मूठ उघडली, नोटा काढल्या आणि काकांसमोर ठेवल्या. "तिच्या सहलीला तुमचे पैसे नकोत," ती म्हणाली. मी तिला जे बोलले ते आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "तू चिक्कू आहेस ती आहेसच, दुसऱ्यानं दिलेलंही तुला बघवत नाही." काका हसले. "जाऊ द्या हो वहिनी, पोरीची जात, हौस असते," म्हणाले. आबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं... आई आत गेली आणि भाकरी थापण्याचा आवाज येत राहिला. काकांनी जाताना नोटा पुन्हा माझ्या हातात ठेवल्या आणि मी त्याच पैशांतून सहलीला गेले. लेणी पाहिली. आज त्यातलं एक चित्र मला आठवत नाही, भाकरीचा तो आवाज मात्र आठवतो.

पुढच्याच वर्षी आबांना टायफॉईड झाला. महिनाभर ते अंथरुणावर होते. पगाराच्या दिवशी त्यांनी चिठ्ठी देऊन मला कचेरीत पाठवलं. रोखपाल म्हातारे गृहस्थ होते, आबांना ओळखणारे. त्यांनी पैसे मोजून दिले. मला वाटलं, ते चुकले. मी तसं म्हणाले, तर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "हे पतपेढीचं कापलं जातं पोरी, दर महिन्याला. तुझे वडील जामीन राहिलेत ना भावाला. ट्रकचं कर्ज." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझी आई घर कसं चालवते, आम्हाला इथं नवल वाटतं." परक्या माणसाला जे नवल वाटत होतं, त्याची मला लाज वाटत आली होती सहा वर्षं.

नंतर आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. काकांनी केळीच्या वाहतुकीसाठी ट्रक घेतला. आबांनी तिला न विचारता, न सांगता जामीन म्हणून सही केली. वर्षभरात इंदूरकडे कुठंतरी ट्रक उलटला आणि काकांनी हप्ते बंद केले ते केलेच. पतपेढीनं वसुली आबांच्या पगारावर लावली. काका पुढे सावरले. रावेरहून केळी भरून पाठवण्याच्या धंद्यात त्यांचा जम बसला, फैजपूरला घर झालं, मळा झाला. पण सगळं काकूच्या नावावर. आबांनी विचारलं की म्हणायचे, "दादा, एवढा हंगाम जाऊ द्या." असे सहा हंगाम गेले होते. केळीचे घड येत राहिले. ज्या नोटा माझ्या मुठीत यायच्या त्या कुणाच्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कचेरीतून आले तेव्हा आई दारात फॉल लावत बसली होती. मी विचारलं, "आई, हे मला आधी का नाही सांगितलं?" तिनं दात लावून दोरा तोडला. ती माहेरची बोली फार क्वचित बोलायची, पण तेव्हा तीच तोंडी आली. "कोणले सांगू नको," ती म्हणाली. "तुन्हा बापनी मान खाली जाई. बठ्ठं सरी जाई कधी ना कधी." म्हणजे सगळंच कधी ना कधी सरून जाईल. मी म्हणाले, "आणि सगळे तुला नावं ठेवतात ते?" त्यावर म्हणाली, "ठेवू दे. मला ठेवलेली चालतात. तू शब्द दे." मी दिला. सहलीच्या वेळी बोलले त्याची माफी मात्र मागितली नाही. पुढे कितीदा ओठांवर आलं, पण मागितली नाही. मनात म्हणायचे, तिला समजलंच असेल. हीसुद्धा माझी एक प्रकारची काटकसरच.

ब्याण्णव साली शेवटचा हप्ता कापला गेला. पतपेढीनं कर्ज पूर्ण फिटल्याचा, बेबाकीचा दाखला दिला. आबांनी तो घरी आणून कपाटात ठेवला, जेवले आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेल्यावर आईनं दाखला काढला, मला म्हणाली, "चल." आम्ही एसटीनं भुसावळपर्यंत आणि तिथून दुसऱ्या गाडीनं फैजपूरला गेलो. नऊ वर्षांत ती त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. फरशी गुळगुळीत, भिंतीला पिवळा ऑइलपेंट. काकूनं पाणी आणलं. आईनं ते घेतलं नाही. दाखला काकांसमोर ठेवून म्हणाली, "वाचा."

काकांनी वरवर नजर फिरवली. "वहिनी, यासाठी एवढ्या लांब आलात? आम्हा भावांच्या मधे कागद कशाला?"

"पूर्ण वाचा," आई म्हणाली. "मोठ्यानं."

त्यांनी वाचला. वाचताना आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. वाचून झाल्यावर आईनं कागद परत घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. "एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," ती म्हणाली, "दुसरं काही नाही." काकू आतून एक कोरी साडी घेऊन आली, ओटी भरते म्हणाली. आई म्हणाली, "मी साड्यांना फॉल लावते. नेसायला माझ्याकडे आहेत." आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये तिनं दोन केळी खाल्ली, भुसावळच्या स्टँडवर स्वतःच्या पैशानं घेतलेली. मी तिला कधी एवढं समाधानानं खाताना बघितलं नव्हतं.

घरी कळलं तेव्हा आबा तिला म्हणाले, "माझी मान खाली घातलीस." नऊ वर्षं हीच मान ताठ राहावी म्हणून जिनं चूल भुशावर पेटवली, तिच्याशी ते महिनाभर बोलले नाहीत. आईनं बाजू मांडली नाही. मीही गप्प बसले, कारण शब्द दिला होता. शब्द हे आमच्या घरी गप्प बसण्याचं कारण असे.

वाटलं होतं, आता तरी ती हात सैल सोडेल. गॅस पुन्हा लागला, एवढं झालं. बाकी काही बदललं नाही. मला नोकरी लागली, मी पैसे पाठवायला लागले, तर ती ते माझ्याच नावानं बँकेत ठेवायची. माझ्या लग्नात काकांनी मोठा कुकर दिला आणि तो मांडवात सगळ्यांना दिसेल असा ठेवला गेला. बायका म्हणाल्या, काका किती हौशी. दवाखान्यात चल म्हटलं की आई म्हणायची, "दमायला होतं जरा, वय झालं." नऊ वर्षं जे पोटाला चिमटा घेऊन केलं, ते दहाव्या वर्षी तिला सोडता येईना. तेव्हा त्याला लोक स्वभाव म्हणू लागले. काकाही म्हणाले. आबा हा लेख वाचतील हे मला ठाऊक आहे. वाचावा त्यांनी.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी चार दिवस धुळ्यात राहिले. मे महिन्याची दुपार होती. पत्र्यासारखी तापलेली खोली, आबा कॉटवर पडलेले, वर पंखा एकवर अगदी हळू फिरत होता. मी उठून तो पाचवर केला. वारा सुटला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. थोड्या वेळानं आबा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंखा पुन्हा एकवर आणला.

"असू द्या ना आबा," मी म्हणाले.

"तिला एवढा वारा सोसत नाही," ते म्हणाले. "अंग दुखतं तिचं." मग भानावर आले असावेत, पण बटणावरचा हात त्यांनी काढला नाही.

मला सुट्टीतल्या कितीतरी दुपारी आठवल्या. आबा कचेरीत गेले की आई पंखा बंद करायची, फरशीवर तांब्याभर पाणी शिंपडायची आणि त्या ओल्या जागेवर पाठ टेकून, पदरानं वारा घेत पडून राहायची. घामानं केस कपाळाला चिकटलेले असायचे. वारा सोसत नाही, असं तिनं आबांना सांगितलं होतं. त्यांनी ते खरं मानलं... अजून मानतात.