धाकलूच्या लॉरीचा चौथा नट

गंजून बसलेल्या नटावर आबाजीनं कधी घण उचलला नाही. पळसदरीच्या रस्त्याला, घरापुढच्या आंब्याखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार वासे आणि वर पेंढा! उमेदीची वर्षं कर्जतच्या रेल्वे शेडात घालवून तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या लॉऱ्या दुरुस्त करायचा. दुसरे मिस्त्री जाम नट दिसला की छिन्नी-हातोडा घेऊन धावत. हा बाबा आधी तारेच्या ब्रशानं आटे घासणार, रॉकेलात करंजेल कालवून चिंधीनं पाजणार, आणि वर म्हणणार, "पिऊ दे रं त्याला. किती दिसांचा उपाशी हाय."

असा हा गरीब गाय माणूस, पण पाठच्या भावाशी चार वर्षं अबोला! लोखंडाला लावायचं शहाणपण माणूस घरात लावतोच असं कुठं आहे?

झालं होतं ते असं. धाकटा धाकलू लढाईच्या दिवसांत पलटणीच्या लॉऱ्या हाकायला गेलेला. इकडे भर श्रावणात आई गेली. तार केली, येतो म्हणून निरोप आला. आबाजीनं आईला एक रात्र राखली. पाऊस काही थांबेना, भावकी ऐकेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं अग्नी दिला आणि संध्याकाळी धाकलू आला तो ओल्या राखेपाशी. "माझी वाट बघवली नाय तुला?" एवढं म्हणून जो पाठ फिरवून गेला, तो कशेळ्याला सासरवाडीतच राहिला. दहाव्यालासुद्धा आला नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेत राखू म्हणून झालं, गाय विकणार नाही म्हणून झालं. कावळे आपले झाडावर ढिम्म. शेवटी आबाजी हात जोडून म्हणाला, "आय, धाकलूच्या जनीच्या लग्नात तुझ्या जागी मी उभा राहीन." तसा एक कावळा फडफडत खाली आला. जना ही धाकलूची एकुलती पोर, म्हातारीचा जीव की प्राण. आबाजीला मूलबाळ नव्हतं, त्याच्याही मांडीवरच वाढलेली.

आता वैशाखात जनीचं लग्न ठरलं, खालापूरला दिली. गावोगाव अक्षत फिरली, आबाजीच्या दारात तेवढी आली नाही. आणि इकडची रीत अशी की भावकीला अक्षत घरच्यानंच द्यायची, समोर उभं राहून, तोंडानं बोलून. दुसऱ्याच्या हाती धाडलेली घेत नाहीत. न बोलावता जावं, तर लोक म्हणणार जेवायला आला. आणि न जावं, तर आईला दिलेल्या शब्दाचं काय? आबाजीला अन्न गोड लागेना. बायको, सोनाबाई, रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, "भूक नाय."

लग्न दोन दिवसांवर आलं आणि सकाळी दारात लॉरी उभी राहिली. धाकलू उतरला आणि आंब्याकडं बघत उभा! सोनाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"वैनी, मागचे धक्के खाणारे शॉक गेलेत. पोरीला हिच्यातनंच न्यायचीय, हाडं खिळखिळी होतील तिची. नवे आणलेत, पण जुन्यांचे नट निघत नाय. कर्जतच्या मिस्त्र्यानंबी हात टेकले."

भाऊ तीन हातांवर उभा, तरी आबाजी बायकोला म्हणाला, "त्याला म्हणावं, चाकाला दगड लाव."

"भावोजी, चाकाला दगड लावा."

"त्यांना म्हणावं, लावले."

थोडा वेळ असं चाललं. मग सोनाबाई कावली. "तुमचं बोलणं वाहून माझं तोंड दुखलं! तिकडं भात करपतोय माझा." ती तरातरा आत निघून गेली.

आता आली का पंचाईत! एकानं नट फिरवायचा, दुसऱ्यानं पलीकडनं बोल्टाचं डोकं धरायचं. न बोलता कसं जमणार? मग दोघं शहाणे लॉरीखाली शिरले आणि लॉरीशी बोलायला लागले.

"बाई गं, कुणी डोकं धरील तर बरं होईल."

"धरलंय, म्हणावं."

तेल पाजत, टिचक्या मारत, थांबत थांबत तीन नट निघाले. चौथा मात्र हूं की चूं करीना. धाकलूचा धीर सुटला. त्यानं पाना हिसकून घेतला आणि दात-ओठ खाऊन ओढला. नटाचे कोपरे झिजायला लागले, तसा आबाजी लॉरीला विसरला.

"अरं येड्या, सोडवायचा म्हून नुसता ओढतोस काय? आधी जरासा आवळ! आवळला की गंज तुटतो, मगच सुटतो."

धाकलूचा हात थांबला. मग चार वर्षांचं एकदम बाहेर आलं. "मला शिकवू नको! माझ्या आयला माझ्याबिगर जाळलीस तू!"

"जाळली! हां, जाळली!" आबाजी ओरडला. "रातभर तिच्या अंगावरच्या मुंग्या येचत बसलो होतो मी. सकाळी मुंग्या हटेनात. तसली आय दाखवू तुला? तू निघालास तवा दारात हसत उभी होती, तीच तुझ्या डोळ्यापुढं ऱ्हावी म्हून जाळली. आन् तू दहाव्यालाबी आला नाईस. कावळा शिवेना."

"मग?" धाकलूनं विचारलं.

"जनीच्या लग्नात उभा राहीन म्हटलं, तवा शिवला."

धाकलूनं पाना नटाला लावला आणि जरासा आवळला. कट्‌ असा आवाज झाला. मग उलटा फिरवला तर नट लोण्यासारखा सुटला. दोघांच्या तोंडावर गंजाचा चुरा पडला, आणि डोळे पुसायला दोघांनाही निमित्त झालं.

बाहेर आल्यावर धाकलूनं बंडीच्या खिशातून पुरचुंडी काढली. आठ दिवस खिशातच होती. तोंड उघडत नव्हतं, म्हणून तर नटाचं निमित्त करून आला होता! त्यानं अक्षत मुठीत घेतली. "दादा, जनीच्या लग्नाला यायचं. वैनीला घेऊन."

"गाढवा, हात तरी धुवायचेस! काळी झाली की सगळी."

"थांब, वैनीकडनं दुसरे तांदूळ—"

"दे हिकडं! टाकतोस काय?" आबाजीनं ते तांदूळ धोतराच्या सोग्याला बांधले.

खालापूरच्या मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षतांचा पाऊस पडला. अंतरपाटामागं जना मान खाली घालून उभी होती. सगळ्या पिवळ्या दाण्यांत चार काळे दाणे तिच्या हातावर पडले, करंजेलाचा वास आला, आणि पोर मान वर न करताच रडत रडत हसली. "काका आला," ती शेजारच्या करवलीला म्हणाली.